खड्यांच्या अलीकडे

सावली पायाला लागली तेव्हा सेत्ती लोकर निवडत बसली होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला आधी गार लागलं, मग बाकीच्या बोटांना. तिनं खाली पाहिलं. सावलीची कड सरळ होती, नव्या भिंतीची असते तशी. जुन्या भिंतीची सावली खालीवर होते, तिला पोपडे असतात, मध्येच एखादं भोक असतं आणि त्यातून उन्हाची टिकली जमिनीवर पडते. ही सावली कातरीनं कापून आणल्यासारखी होती. एकतीस हिवाळे सेत्ती याच जागी, खजुराच्या बुंध्यातून काढलेल्या याच बुटक्या पाटावर बसत आली होती, आणि एकतीस हिवाळ्यांत भर दुपारी इथं कधी सावली आली नव्हती. ती उठली नाही. पाय तसाच ठेवून गार होत जाणाऱ्या बोटांकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या पोरानं आपल्या ताटात हात घातला की माणूस आधी त्या हाताकडे बघतं आणि मग पोराच्या आईकडे.

आई भिंतीपलीकडे होती. मेन्निया. तिच्या मागाची लोखंडी फणी धप् धप् वाजत होती. त्या आवाजावरून सेत्तीला कळायचं की मेन्निया आज खुशीत आहे की तिचे गुडघे दुखताहेत, सतरंजी कडेला आली आहे की अजून निम्म्यात आहे. गेले दोन महिने फणी खुशीत होती. गेले दोन महिने त्या घरात पुरुषाच्या खोकल्याचाही आवाज होता, कारण दाऊदनं, मेन्नियाच्या नवऱ्यानं, अल्जिअर्समधलं दुकान भाच्याच्या गळ्यात घालून कायमचं घर गाठलं होतं. आणि आता वरच्या नव्या खोलीतून एका पोरीचं हसू ऐकू यायचं. ती मेन्नियाची सून. पोटुशी. मेन्नियाचा मुलगा नूह तिला कॉन्स्टंटाइनहून इकडे घेऊन आला होता, बाळंतपण आपल्या गावात व्हावं म्हणून, आणि त्यासाठी गच्चीवर ही खोली चढली होती. तिचीच सावली सेत्तीच्या पायावर होती.

वाळवंटातल्या म्झाबच्या खोऱ्यात टेकडीवर बसलेल्या या गावात घरं एकाच्या डोक्यावर एक अशी चढत गेलेली. मेन्नियाचं घर दक्षिणेला, एक पायरी खाली. तिची गच्ची सेत्तीच्या गच्चीपेक्षा कंबरभर बुटकी. गावात बांधायचं म्हटलं की हजार वर्षांचे नियम आडवे येतात, आणि वर जतन कार्यालयाचे कागद: पत्रा नको, सिमेंट नको, रस्त्यावर खिडकी नको, भिंतीचा रंग वाळूचा, दार शेजाऱ्याच्या दारासमोर नको. पण सगळ्या नियमांचे बाप दोनच. शेजाऱ्याचं ऊन अडवायचं नाही. शेजाऱ्याच्या घरात बघायचं नाही. ज्या कुणी हे नियम केले त्यांना वाटलं असणार की सगळ्यांची घरं बाहेरून सारखी दिसली की कुणाच्या पोटात दुखणार नाही. भली माणसं होती. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की बघायला मिळालं नाही की माणूस ऐकतं, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या सुखाला काही तरी माप असतं, भिंतीआडून ऐकलेल्याला नसतं.

सेत्तीनं मान वळवून खडे पाहिले. गच्चीच्या जमिनीत, चुन्यात बसवलेले तीन पांढरे खडे, पूर्व-पश्चिम एका ओळीत. वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, शेजाऱ्याच्या भिंतीची सावली या ओळीपर्यंत येऊ शकते. ओलांडली तर भिंत उतरवायची. तो दिवस अजून सोळा दिवस लांब होता आणि सावली खड्यांच्या दोन बोटं अलीकडे थांबली होती. सोळा दिवसांत दोन बोटं वाढेल. काठोकाठ येईल, पण ओलांडणार नाही. बाल्हाज गवंड्यानं बांधलं होतं, त्याचं माप चुकत नसे. म्हणजे सेत्तीचा एकतीस वर्षांचा पाट सावलीत गेला, आणि ते नियमात बसत होतं. शेजारणीचं सुख नियमात बसत होतं. हे तिला सावलीपेक्षा जास्त गार लागलं. मेन्नियानं चोरून बांधलं असतं, कुणाच्या हातापाया पडून, कुणाला लोण्याचं मडकं पाठवून, तर सेत्तीला रात्री झोप लागली असती.

पण मेन्नियाचं सगळं आधीपासून असंच. दोघींचं लग्न एकाच दिवशी झालेलं. इथं लग्नं एकत्रच लागतात, त्या हिवाळ्यात अकरा जोडपी होती. अकरा नवऱ्यांना सारखे पांढरे कपडे, अकरा नवऱ्यांकडून सारखा मेहर, कुसकुसची ताटंही मोजून सारखी. कुणी श्रीमंती दाखवायची नाही असा थोरांचा दंडक. सोळा वर्षांची सेत्ती त्या रांगेत बसली होती आणि तिच्या शेजारी मेन्निया, तेव्हा अनोळखी. एकाच भांड्यातली मेंदी दोघींच्या हातांवर लावली. सकाळी पट्ट्या सोडल्या तर सेत्तीच्या हातावर विटकरी रंग, आणि मेन्नियाच्या हातावर जवळजवळ काळा. बायका म्हणाल्या, "बाई, काय रंगलीय! नवरा जीव टाकणार." मेन्निया लाजून म्हणाली होती, "अहो, हिचीपण छान आहे." तिनं ते म्हणायची काही गरज नव्हती. एकतीस वर्षं झाली, मेंदी पंधरा दिवसांत गेली, आणि ते 'हिचीपण' अजून सेत्तीच्या हातावर होतं.

त्याच हिवाळ्यात सासूनं, लल्ला बय्यानं, छोट्या दिवशी आपल्या आणि शेजारच्या अशा दोघी नव्या सुनांना या गच्चीवर बसवलं होतं. म्हातारी दोघींच्या मध्ये बसून खजूर खात होती. "दिवसाउजेडी गच्ची बायकांची," ती म्हणाली. "पुरुष वर येतात ते उन्हाळ्यात झोपायला, अंधार पडल्यावर. ते दोऱ्या घेऊन मोजतील, कागद करतील, मोठमोठ्यानं बोलतील. पण खडे कुठं आहेत हे त्यांना आपण सांगितलं तर कळतं. नीट बघून ठेवा गं. एकीला विसर पडला तर दुसरीला आठवायला हवं." दोघींनी वाकून खड्यांवर बोटं ठेवली. मेन्नियाची काळी बोटं, सेत्तीची विटकरी. खडे उन्हानं कोमट झाले होते.

सावली आता घोट्यापर्यंत आली. सेत्तीला तीन वर्षांमागची दुपार आठवली, म्हणजे ती कधी विसरलीच नव्हती, फक्त आता ती दुपार समोर येऊन बसली. तिच्या बाकिरला खोली हवी होती. लग्न ठरलं होतं, खाली एकच झोपायची खोली, आणि वर गच्चीवर उत्तरेच्या कडेला जागा होती. तिचा नवरा हम्मू ओरानच्या दुकानातून फोनवर "बघा, हाज्जी काय म्हणतात ते" एवढंच म्हणाला. तो एकतीस वर्षं एवढंच म्हणत आला होता. हाज्जी बायूब आला, गावाचा मोजणीदार, पांढरी टोपी, पांढरी दाढी, खिशात गाठी मारलेली दोरी. त्यानं उत्तरेच्या घराची गच्ची मोजली. त्या घराला बावीस वर्षं कुलूप. त्या गच्चीवर बावीस वर्षांत कबुतरांखेरीज कुणी ऊन खाल्लं नव्हतं. "नाही होणार," हाज्जी म्हणाला, "त्यांचं ऊन जातं." जिन्याच्या दाराआडून सेत्ती म्हणाली, "कुणाचं ऊन, हाज्जी? माणूस कुठंय तिथं?" तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "माणूस नसलं तरी ऊन त्याचंच, पोरी." बाकिर भांडला नाही. खोऱ्यापलीकडच्या टेकडीवर नवी वसाहत झाली होती, तिथं त्यानं घर घेतलं. आता तो शुक्रवारी येतो, चहा पितो आणि पुदिना जास्त झालाय म्हणतो.

मेन्नियाच्या नव्या खोलीवर छत चढलं त्या दिवशी तिनं खजुराच्या मिठाईची ताटली पाठवली होती. ताटली रिकामी परत करत नाहीत, म्हणून सेत्तीनं तीत सहा अंडी ठेवली. सहा का ठेवली, चार चालली असती, यावर ती नंतर दोन दिवस कुढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाकिरला फोन लावला. "तुझ्या मेन्नियाकाकूची खोली बघितलीस? माझं ऊन खाल्लं."

"किती?"

"पाट सावलीत गेला."

"खड्यांच्या आत आहे का?"

"आत आहे."

"मग झालं की, आई. पाट सरकव." मागं त्याची बायको नळाखाली काही तरी धूत होती. "आणि तुला ऊनच पाहिजे तर इकडे ये ना. मोठी खिडकी आहे, दिवसभर ऊन. हिनं पडदा लावलाय, इतकं येतं."

"मी नाही येत तुझ्या त्या खोक्यात."

"बरं. शुक्रवारी येतो."

नूहला खोली, आपल्याला 'पाट सरकव'. सेत्तीनं फोन ठेवला, कोठीतून चुन्याची बादली काढली, छिन्नी आणि वरवंटा घेतला आणि गच्चीवर गेली. आपण काय करणार आहोत हे तिनं मनात शब्दांनी म्हटलं नाही. तिनं मनात म्हटलं की चुना फार उखडलाय. पहिला खडा तीन ठोक्यांत निघाला. तळहातावर घेतला तर त्याची खालची बाजू, जी कधी कुणी पाहिली नव्हती, मळकट पिवळी होती, दाढेच्या मुळासारखी. तिनं तो हातभर अलीकडे, भिंतीकडे, नव्या खळग्यात बसवला. दुसरा बसवला. तिसरा बसवताना पलीकडची फणी थांबली.

"सेत्ती?" भिंतीवरून मेन्नियाचा आवाज आला. बायका भिंतीवरून अशाच बोलतात, तोंड न बघता. "काय ठोकतेस गं?"

"चुना काढतेय. पोपडे आलेत."

"थंडीत? थंडीत चुना वाळतो होय? उन्हाळ्यानंतर काढायचा ना."

"उन्हाळ्यानंतर तुझ्या गवंड्यांनी धूळ करून ठेवली होती माझ्या गच्चीवर. कधी काढू?"

"हो गं बाई, झाली खरी धूळ. मी नूहला म्हटलं, जाऊन झाडून ये, तर म्हणतो बायकांच्या गच्चीवर कसा जाऊ." मेन्निया हसली. भिंतीपलीकडे उभं असलेलं माणूस श्वास घेताना ऐकू येतं. "लल्ला बय्यानं खडे दाखवले होते, आठवतं का गं? खजुराच्या बिया कशी थुंकायची म्हातारी."

"आठवतं की," सेत्ती म्हणाली. तिच्या मुठीत तिसरा खडा होता. "कालच पुसले मी."

"बरं केलंस."

फणी पुन्हा सुरू झाली. सेत्तीनं जुने तीन खळगे चुन्यानं बुजवले, वर पूर्ण गच्चीला एक हात दिला, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत तिचे हात चुन्यानं फुटले. रात्री तेल लावताना तिनं पाहिलं, तळव्यांवर पांढऱ्या भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगा मात्र कुणाच्याही हातावर पडल्या असत्या त्यापेक्षा ठळक होत्या.

छोट्या दिवशी हाज्जी बायूब आणि त्याचा मदतनीस कास्सी आले. नव्या बांधकामाची पहिल्या हिवाळ्यात मोजणी होतेच, कुणी तक्रार करायची गरज नसते. बाल्हाज गवंडी सोबत होता, कारण भिंत त्याची. तिघं वर गेले, सेत्ती जिन्याच्या दाराआड पायरीवर बसली. पलीकडे मेन्नियाही तिच्या जिन्याच्या दाराआड असणार. दोघींच्या मधल्या उन्हात तीन पुरुष. फटीतून सेत्तीला त्यांचे पाय दिसत होते: हाज्जीच्या चपला, कास्सीचे बूट, बाल्हाजचे चुन्यानं भरलेले अनवाणी पाय. सूर्य डोक्यावर आला. मग दोरी जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

"हातभर पलीकडे," कास्सी म्हणाला.

"पुन्हा लाव."

"लावली, हाज्जी. खड्यांवरून हातभर पुढं गेलीय सावली."

"शक्यच नाही!" बाल्हाज ओरडला. "चाळीस वर्षं बांधतोय मी. बोटभर, दोन बोटं म्हणाल तर मान्य करेन. हातभर? मी काय आंधळा आहे?"

"आंधळा नाहीस. म्हातारा झालास," कास्सी म्हणाला.

"तूही माझ्याच घरात जन्मलास, पोरा. मी बांधलेल्या."

"थांबा," हाज्जी म्हणाला. तो वाकला असावा, कारण त्याचा आवाज जमिनीजवळून आला. "खडे हेच ना?" पुरुषांपैकी कुणाला ते ठाऊक असणार? हाज्जीनं आवाज चढवला, भिंतीपलीकडे जाईल एवढा. "दाऊद! खुणेबद्दल तुमच्या घरच्यांचं काही म्हणणं आहे का?"

आधी दाऊदचा खोकला आला. "गच्चीचं मला काय माहीत, हाज्जी. बायकांना विचारा."

सेत्तीनं पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरला. आता बोलेल. आता मेन्निया म्हणेल की खडे हातभर मागं होते, लल्ला बय्यानं दाखवले होते, आम्ही दोघींनी बोटं लावली होती. म्हणू दे. म्हणाली तर सेत्ती दाराआडून ओरडणार होती. काय ओरडायचं ते तिनं सोळा दिवस घोळवून ठेवलं होतं. तू माझं ऊन खाल्लंस, तुझा नवरा घरी आला, तुझा मुलगा आला, तुझी मेंदी काळी होती, आता तुला माझे खडेही पाहिजेत? सगळं जिभेवर तयार होतं.

"खडे जिथं आहेत तिथं आहेत, हाज्जी," मेन्नियाचा आवाज आला. शांत. जणू कुणी मिठाचा भाव विचारला होता.

एवढंच. सेत्तीच्या जिभेवरचं सगळं तसंच राहिलं.

जानेवारीत बाल्हाजनं आपल्याच हातांनी आपली भिंत उतरवली. तीन थर उतरले तसं छत राहीना; एवढ्या बुटक्या छताखाली माणूस उभं राहू शकलं नसतं. खजुराचे वासे काढले, खोलीची उघडी चौकट झाली. नूह दोन दिवस घरात मोठमोठ्यानं बोलला, तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन कॉन्स्टंटाइनला परत गेला. बाळंतपण तिकडेच होणार. टॅक्सीत बसताना ती पोर रडत होती, हे सेत्तीनं दाराच्या फटीतून पाहिलं. सेत्तीचं ऊन परत आलं. पाट उन्हात होता, पाय उन्हात, लोकर उन्हात. आठ दिवस ती त्या उन्हात बसली आणि तिला वाटलं की आता बरं वाटेल. फणी वाजत नव्हती. ती फणीची वाट बघू लागली.

नवव्या दिवशी पाठ मोकळी करायला ती उभी राहिली आणि तिला मेन्निया दिसली. मधली जुनी भिंत खोली बांधताना निघाली होती, आणि नवी आता नजरेच्या खाली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सेत्तीनं मेन्नियाला तिच्या घरात पाहिलं. उघड्या खोलीत, चार भिंतींच्या आडोशाला वारा लागत नव्हता आणि ऊन सरळ आत पडत होतं. मेन्निया जमिनीवर गाजरं सोलत होती. शेजारी चटईवर दाऊद आडवा, टोपी तोंडावर. भर दुपारी, गच्चीवर, पुरुष. पण छताविना राहिलेल्या त्या खोलीला आता गच्ची म्हणायचं की खोली, हे कुणी ठरवलं नव्हतं. मेन्नियानं गाजराचा एक तुकडा कापून त्याच्या छातीवर ठेवला. त्यानं न बघता तो चाचपडून उचलला आणि टोपीखाली नेला. कुरुम् असा आवाज आला. मेन्निया हसली नाही, बोलली नाही, दुसरं गाजर घेतलं.

मुलगा गेला, सून गेली, छत गेलं, आणि ही बाई गाजरं सोलते. सेत्ती दुसऱ्या दिवशीही उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. लोकर निवडायची राहिली. आज त्यांनी काय खाल्लं, तो तिच्याशी काय बोलला, तिनं त्याची पाठ चोळली का. आवाजावरून जे एकतीस वर्षं ताडलं होतं त्याहून हे कितीतरी कमी होतं, काहीच घडत नव्हतं तिथं, आणि तेच सहन होत नव्हतं. हम्मू वर्षातून दोनदा येतो. त्याच्या छातीवर गाजर ठेवलं तर तो विचारेल, हे काय आहे.

अशी उभी राहू लागल्यापासून सहाव्या दिवशी दाऊदनं टोपी बाजूला केली आणि त्याला भिंतीवर एक डोकं दिसलं. त्यानं ताबडतोब मान खाली घातली आणि मोठ्यानं खोकला. घरंदाज माणूस. संध्याकाळी तो हाज्जीकडे गेला.

हाज्जीनं सेत्तीच्या जिन्याशी उभं राहून निवाडा दिला, दाराकडे पाठ करून, जसा रिवाज आहे. "पोरी, त्यांची भिंत सावलीच्या नियमानं उतरली. ती आता वर जाऊ शकत नाही. पण तुझी गच्ची उंच, तुझ्या गच्चीवरून त्यांचं घर दिसतं. ज्याची नजर त्याची भिंत. तुला तुझ्या बाजूनं बांधावी लागेल. डोक्याच्या वर एक वीत."

"म्हणजे माझ्या गच्चीवर सावली पडेल, हाज्जी."

"पडेल."

"खड्यांच्या पलीकडे जाईल."

"जाईल. पण ती तुझीच सावली." म्हाताऱ्यानं खिशातली दोरी चाचपली. "शेजाऱ्याची सावली मोजायला मी आहे. आपली आपल्यावर पडली तर त्याला मोजणी नाही."

बाल्हाज आला, त्याच अनवाणी पायांनी. सेत्ती दाराआड बसली. तो गारा कालवत होता, दगड रचत होता, एकटाच पुटपुटत होता. मग त्याची बादली जमिनीवर घासली आणि तो थांबला. नखानं चुना खरवडल्याचा आवाज. बराच वेळ खरवडल्याचा आवाज.

"बाई," तो म्हणाला, "इथं तीन भोकं बुजवलेली आहेत."

सेत्तीनं फटीला डोळा लावला.

"एका ओळीत आहेत. खड्यांपासून हातभर." म्हाताऱ्याचा आवाज कापत होता, रागानं की आनंदानं कळेना. "माझं माप चुकलं नव्हतं, बाई. गावभर मला म्हातारा म्हणतात. हाज्जींना बोलवू? तुम्ही फक्त एवढं म्हणा, की खडे कुणी हलवले ते माहीत नाही. पोरांनी हलवले म्हणा. मग खडे परत जागेवर जातील, त्यांची भिंत होती तेवढी होईल, तुमची ही भिंत लागणार नाही. ऊन पण तुमचं वाचेल. हातभर जाईल तेवढंच, ही भिंत झाली की तुम्हाला काहीच उरत नाही."

हिशेब बरोबर होता. लल्ला बय्याच्या आधीच्या कुठल्या तरी म्हातारीनं तो असाच करून ठेवला होता, ऊनही राहील आणि आडोसाही राहील अशी एकच जागा शोधून तिथं तीन खडे बसवले होते. सेत्तीला तो कळला, पुरता कळला. खडे मागं सरकले तर तिला फक्त पाट हातभर सरकवायचा होता. आणि खडे मागं सरकले तर नूह परत येईल. पोर हसेल. आता तर बाळही असेल, वरच्या खोलीत रडेल, आणि मेन्निया त्याला घेऊन फेऱ्या घालेल, इकडून तिकडे, तिकडून इकडे, भिंतीच्या अगदी लगत. आणि वर मेन्नियाला सगळं माहीत. ती तेव्हाही काही बोलणार नाही. ते न बोलणंही तिच्याकडेच जाईल, तिच्या ढिगावर, सेत्तीकडे काही येणार नाही.

"उंदरांची असतील," सेत्ती म्हणाली.

"चुन्यात? गच्चीवर?"

"तू भिंत बांध, बाल्हाज."

त्याचे पाय फटीतून दिसत होते, बोटं चुन्यानं पांढरी, नखं काळी. मग ती बोटं वळली. "नियमानं तीन थर," तो म्हणाला.

"चार घाल."

"चार? चवथ्याची गरज नाही. तीनमध्येच काही दिसायचं नाही तुम्हाला."

"चार म्हटलं ना."

भिंत शुक्रवारच्या आत वाळली. बाकिर आला, चहा प्याला, वर डोकावून म्हणाला, "आई, इथं तर विहीर झालीय," आणि पुदिना जास्त झालाय म्हणाला. तो गेल्यावर सेत्ती पाट घेऊन वर गेली. सावली खड्यांवरून पुढं गेली होती, बुजवलेल्या भोकांवरून पुढं गेली होती, उत्तरेच्या भिंतीच्या पायथ्याशी वीतभर ऊन उरलं होतं. तिनं पाट तिथं लावला आणि भिंतीला पाठ टेकून पाय पोटाशी घेतले. तरी बोटं सावलीत राहिली. लोकर मांडीवर घेतली. पलीकडे आज खूप दिवसांनी फणी वाजत होती, धप्, धप्, ना खुशीत ना गुडघेदुखीत. सेत्तीला ताल ओळखता येईना. नव्या दगडांतून आवाज अर्धाच येत होता. ती कान देऊन बसली. फणी थांबली.

"सेत्ती?" मेन्नियाचा आवाज भिंतीवरून आला, लांबून आल्यासारखा. "आहेस का गं वर?"

"आहे."

"ऊन आहे का तिकडे?"

सेत्तीनं पायाची बोटं अंगाखाली ओढून घेतली. सावलीची कड आता तिच्या गुडघ्यावर चढत होती, सरळ, कातरीनं कापल्यासारखी.

"भरपूर," ती म्हणाली. "बसवत नाही इतकं."